सोडियमचा दिवा घ्यावा की एलईडी? गोव्यात छपराखाली रोपं वाढवणाऱ्या नवख्यांसाठी

म्हापशाच्या बाजारात एखाद्या इलेक्ट्रिकच्या दुकानात जाऊन "झाडांसाठी दिवा हवा" म्हणा. दुकानदार विचारतो, "कसली झाडं, बाब?" आणि उत्तर येईपर्यंत जरा रोखून बघतो. त्याला दोष देता येत नाही. घरात दिव्याखाली झाडं वाढवण्याबद्दल इंटरनेटवर जे सापडतं, त्यातलं बरंचसं कॅनडा-अमेरिकेतल्या गांजा पिकवणाऱ्यांनी लिहिलेलं आहे. कॅनडात २०१८ पासून ते कायदेशीर आहे. आपल्याकडे नाही. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरोधी कायदा, १९८५ च्या कलम २० खाली गांजाच्या झाडाची लागवड केली तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, मग झाड शेतात असो की खोलीतल्या कुंडीत. तेव्हा इथे जे सांगतो आहे ते मिरची-वांग्याची रोपं, लेट्यूस, बेझिल, तांबडी भाजी, अँथुरियम आणि ऑर्किड यांच्यासाठी. दुसरं काही मनात असेल तर इथेच थांबलेलं बरं.

त्या परदेशी सल्ल्यांची आणखी एक अडचण आहे, आणि ती कायद्याइतकीच खरी आहे. ते लोक सर्रास सहाशे वॅट, हजार वॅटचे सोडियमचे दिवे सुचवतात, म्हणजे हायवेवर असतात तसले नारिंगी-पिवळे. बाहेर बर्फ पडत असताना तळघरात लावलेल्या दिव्याची ऊब त्यांना फुकटात मिळते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की कपाटातल्या चपलांना बुरशी धरते, आणि मे महिन्यात तर पंख्याखालीही घाम सुटतो. तीच ऊब इथे काढून टाकायला वीज जाळावी लागते. गोव्यात दिवा निवडताना उजेडाइतकंच उष्णतेकडे बघावं लागतं. माझ्या मते तर आधी उष्णतेकडे, मग उजेडाकडे.

दिव्याच्या आधी छप्पर बघा

पहिली पायरी दुकानात नाही, घरात आहे. दिवा खरोखर लागतो का ते ठरवायचं.

बहुतेकांना गरज पडते ती पावसाळ्यात आणि पावसाळ्याच्या शेवटाला. भातकापणी झाल्यावर शेतात भाजी लावायची तर मिरची, वांगी, टोमॅटो, नवलकोल यांची रोपं ऑक्टोबर-नोव्हेंबरात हाताशी हवीत, म्हणजे बी सप्टेंबरात पडायला हवं. त्या दिवसांत उघड्यावर वाफा केला तर एका जोराच्या सरीने बी वाहून जातं. म्हणून आपण ट्रे पडवीत आणतो. आणि पडवीत रोपं सुतासारखी बारीक, लांबलचक वाढतात, दोन पानांवर येऊन आडवी पडतात.

लोकांना वाटतं, पावसाळ्यात उजेडच नसतो. तसं नाही. गोव्यात जुलैत आभाळ भरलेलं असलं तरी उघड्यावर पडणारा उजेड एप्रिलच्या साधारण निम्मा असतो, आणि निम्माही रोपांना पुष्कळ झाला. अंधार आभाळाचा कमी, आपल्या मंगळुरी कौलांचा आणि खाली उतरलेल्या पागोळीचा जास्त. तेव्हा अंगणात चार वासे उभे करून वर पारदर्शक पॉलिथिन किंवा पॉलिकार्बोनेटचा पत्रा टाकता येत असेल, तर तेच करा. पाऊस अडतो, उजेड बहुतांश आत येतो, विजेचं बिल शून्य. फक्त पत्र्यावर शेवाळ धरतं, ते महिन्यातून एकदा पुसायला लागतं. काणकोणची खोला मिरची तर डोंगरउतारावर उघड्या पावसातच वाढते, तिला ना छप्पर लागतं ना दिवा.

दिवा कोणाला लागतो? फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला, ज्याच्याकडे फक्त एक बाल्कनी आहे आणि तीही उत्तरेकडची. भाड्याच्या घरात मालक अंगणात मांडव घालू देत नाही, त्याला. हॉटेलांना बारा महिने लेट्यूस किंवा मायक्रोग्रीन, म्हणजे कोवळ्या कोंबांची भाजी, द्यायचं ठरवलं आहे, त्याला. आणि ज्याला हौस आहे, त्याला. हौसेला मोल नसतं, पण वीज खातं ते मानत नाही.

उजेड मोजा

डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. आपला डोळा अंधाराला इतका पटकन सरावतो की पडवी आणि अंगण यांत दहा-वीस पटींचा फरक असला तरी तो जाणवत नाही. साधा लक्समीटर विकत मिळतो. मोबाइलवरचं लक्सचं अॅप अचूक नसतं, पण 'इथे आणि तिथे किती फरक' एवढं सांगण्यापुरतं चालतं.

लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप. झाडाचं माप वेगळं: ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती पडतात, ते मायक्रोमोलमध्ये मोजतात. मोल हे कण मोजायचं एकक, मायक्रोमोल त्याचा दहा लाखावा भाग. लक्सवरून अंदाज काढायचा तर भागायचं: सूर्यप्रकाश असेल तर ५४ ने, सोडियमच्या दिव्याखाली ८२ ने, पांढऱ्या एलईडीखाली साधारण ७० ने. सोडियमचा भागाकार सगळ्यांत मोठा आहे याकडे लक्ष द्या. त्याचा पिवळा उजेड आपल्या डोळ्यांना भरपूर वाटतो, झाडाला तितका मिळत नाही. दुकानातल्या खोक्यावरचे ल्युमेन, म्हणजे डोळ्याच्या मापाने दिव्याचा एकूण उजेड, बघून भुलायचं नाही ते यासाठीच.

एक हिशेब करू. पावसाळ्यात पडवीत सरासरी २००० लक्स आहेत असं धरा. २००० भागिले ५४, म्हणजे ३७ मायक्रोमोल. असा उजेड दहा तास. दिवसभराची बेरीज काढायला मायक्रोमोलला तासांनी आणि मग ०.००३६ ने गुणायचं: ३७ गुणिले १० गुणिले ०.००३६, म्हणजे जेमतेम १.३ मोल. मिरची-वांग्याच्या रोपाला दिवसाला १० ते १४ मोल हवेत. रोपं का कोलमडतात याचं उत्तर त्या आकड्यात आहे, बियाणंवाल्याला शिव्या घालायचं कारण नाही.

लेट्यूस, बेझिल, तांबडी भाजी यांना १२ ते १७ मोल पुरतात. फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड चार ते आठमध्ये खूश असतं, त्याला जास्त दिला तर पानं भाजतात. फळं धरायची असतील, म्हणजे टोमॅटो किंवा ढोबळी मिरची, तर २० ते ३० मोल लागतात. हे शेवटचं घरात दिव्याखाली करूच नका. एका चौरस मीटरला चांगल्या एलईडीनेही रोज साडेतीन युनिटच्या आसपास जळेल, आणि शेवटी हातात येईल सांबाराला पुरतील इतके टोमॅटो.

आपण रोपांचं उदाहरण धरून पुढे जाऊ. २०० मायक्रोमोल उजेड १६ तास दिला तर बेरीज साडेअकरा मोल होते. हे आपलं लक्ष्य.

सोडियमचा दिवा म्हणजे नेमकं काय

हायवेवरचा, जुन्या पुलावरचा तो नारिंगी-पिवळा दिवा. दुकानात याला 'सोडियम व्हेपर' म्हणतात. आत चिनीमातीसारखी दिसणारी, अॅल्युमिनाची एक बारीक नळी असते, तिच्यात सोडियम आणि पारा यांचं मिश्रण आणि सुरुवातीला पेटायला झेनॉन वायू. बाहेर काचेचं कवच. हा दिवा थेट २३० व्होल्टला जोडता येत नाही. त्याला तीन जोडीदार लागतात: विद्युतप्रवाह आवरायला चोक, पेटवताना काही हजार व्होल्टचा झटका द्यायला इग्नायटर, आणि पॉवर फॅक्टर सुधारायला, म्हणजे वायरमधला जादा प्रवाह कमी करायला, कपॅसिटर.

बटण दाबल्यावर लगेच उजेड पडत नाही. आधी इग्नायटर किरकिरतो, नळीत फिकट गुलाबी-पांढरी ठिणगी धरते, मग ती हळूहळू पिवळी होत जाते, चोक गुणगुणायला लागतो आणि चारेक मिनिटांनी खोली सोनेरी होते. एकदा तापलेला दिवा विजेच्या झटक्याने विझला तर थंड झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळा डोळे मिचकावते ते सांगायला नकोच.

आता उपयोगाचं. २५० वॅटचा दिवा सुमारे २७-२८ हजार ल्युमेन देतो, म्हणजे सगळ्या दिशांना मिळून ३४० च्या आसपास मायक्रोमोल दर सेकंदाला. रिफ्लेक्टरमध्ये थोडा जातो, रोपांपर्यंत २७० पोहोचला तर नशीब. आणि मीटरवर तो २५० नाही, चोक धरून २७५ वॅट ओढतो. थोडक्यात, एका वॅटला एक मायक्रोमोल. परदेशातले महागडे, दोन टोकांचे हजार वॅटचे दिवे १.७ पर्यंत जातात, पण ते आपल्या बाजारातही नाहीत आणि आपल्या खोलीतही मावायचे नाहीत. आजची बरी एलईडी एका वॅटला अडीच किंवा त्याहून जास्त देते.

सोडियमच्या उजेडात निळा भाग अगदी थोडा असतो. निळा कमी पडला की रोप उंच होतं, पेरं लांबतात. म्हणजे ज्या तक्रारीसाठी दिवा आणला तीच तक्रार थोडी उरते. फुलाफळाच्या मोठ्या झाडांना त्याचं फारसं बिघडत नाही, रोपांना बिघडतं. दुसरं असं की त्या उजेडात सगळं एकाच रंगाचं दिसतं. पान पिवळं पडलं आहे, करपा आला आहे की ठीक आहे, काहीच कळत नाही. सोडियम लावणाऱ्याने पांढऱ्या उजेडाची बॅटरी हाताशी ठेवावी आणि दिवा बंद असताना त्या बॅटरीने पानं तपासावी.

एक गुण मात्र मान्य करायला हवा. पहिल्या पावसानंतर दिव्यावर झेपावणारी वाळवीची पाखरं पिवळ्या सोडियमकडे पांढऱ्या दिव्यांपेक्षा कमी येतात.

उष्णतेचा हिशेब

दिवा कुठलाही असो, मीटरमधून घेतलेली जवळपास सगळी वीज शेवटी खोलीत उष्णता होऊनच राहते. २७५ वॅटचा सोडियम म्हणजे तेवढ्याच वॅटचा हीटर, दिवसाचे सोळा तास. शिवाय त्यातली बरीच उष्णता किरणांच्या रूपाने थेट पानावर पडते. त्यामुळे खोलीत ३० अंश असताना पानाचं तापमान त्याहून वर जातं. लेट्यूसला २५ अंशांच्या वर गेलं की कडवटपणा येतो, लवकर तुरा धरतो. सप्टेंबरात खोली तशीच २८-३० अंशांवर असते.

काही जण म्हणतात, एसी लावू. मग हिशेब असा: दिव्याची उष्णता बाहेर काढायला एसी साधारण तिच्या एक तृतीयांश वीज खातो. म्हणजे २७५ चे झाले साडेतीनशेच्या वर. रोज सोळा तासांनी महिन्याला पावणेदोनशे युनिट. तेवढाच उजेड देणारी शंभर-सव्वाशे वॅटची एलईडी एसी धरूनही ऐंशीच्या पुढे जात नाही. तुमच्या बिलावर सगळ्यांत वरच्या टप्प्याचा जो दर छापलेला आहे त्याने गुणा. जादा युनिट त्याच टप्प्यात पडणार आहेत.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. पावसाळ्यात थोडी ऊब उपयोगी पडते. खोली बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंश गरम राहिली तर आतला दमटपणा उतरतो, पानावर दव धरत नाही आणि मातीजवळ रोप कुजून कोलमडण्याचा रोग कमी येतो. पण ते काम एक लहान टेबलपंखा याहून स्वस्तात करतो.

तरीही सोडियम घ्यायचाच असेल

तो घ्यायला तीन परिस्थिती पटण्यासारख्या आहेत. तुमच्याकडे उंच छताची, चारही बाजूंनी वारा खेळणारी शेड आहे. किंवा कोणाकडून सुस्थितीतली फिटिंग जवळपास फुकट मिळते आहे. रस्त्यांवर एलईडी लागत गेल्या तसा हा जुना माल भंगारात पुष्कळ आला. किंवा दिवा वर्षातून फक्त महिनाभर लागणार आहे आणि एलईडीवर पैसे घालायची तयारी नाही. या तिन्हींपैकी काही नसेल तर पुढचा भाग सोडून दिलात तरी चालेल.

वॅट: घरगुती कामाला १५० किंवा २५०. सव्वा गुणिले एक मीटरच्या टेबलापर्यंत २५० पुरतो, पाऊण मीटर चौरसाला १५०. चारशेच्या वर जाऊच नका.

बल्ब: सरळ नळीसारखा, स्वच्छ काचेचा मागा. लंबगोल, आतून पांढरा लेप दिलेला मिळतो तो नको. त्याचा उजेड रिफ्लेक्टरला नीट वळवता येत नाही.

चोक: ज्या वॅटचा बल्ब त्याच वॅटचा चोक, यात तडजोड नाही. १५० च्या बल्बला २५० चा चोक लावला तर बल्ब जास्त प्रवाह ओढून लवकर मरतो, कधी फुटतोही. तांब्याच्या गुंडाळीचा, आयएसआय खूण असलेला घ्या. दुकानदार "हा पण चालतो, बाब" म्हणून अॅल्युमिनियमचा पुढे करतो. दोन्ही हातांत घेऊन बघा, वजनातच फरक कळतो.

कपॅसिटर: "नसला तरी दिवा पेटतो" असं वायरमन सांगेल. पेटतो, खरं आहे. पण २५० चा दिवा कपॅसिटरशिवाय वायरमधून तीन अँपिअर ओढतो, कपॅसिटर लावला की साधारण निम्मा. जुन्या घरातल्या बारीक वायरिंगला हा फरक फार मोठा असतो.

होल्डर: चिनीमातीचा. १५० वॅट आणि वरच्या बल्बना मोठा, ई-चाळीस मापाचा लागतो. प्लास्टिकच्या साध्या होल्डरमध्ये कोणी अडॅप्टर बसवून देत असेल तर नमस्कार करून निघा.

फिटिंग: रस्त्याच्या फिटिंगचा उजेड रस्त्याच्या लांबीने पसरतो, लांबट अंड्यासारखा. टेबलाच्या दोन टोकांना भरपूर आणि कडांना अंधार, असं होतं. गोदामात टांगतात तशी घुमटाच्या आकाराची फिटिंग मिळाली तर ती घ्या. जुनी घेताना रिफ्लेक्टर बघा: समुद्राजवळ वापरलेल्या फिटिंगचं अॅल्युमिनियम खाऱ्या हवेने पांढरट, खरखरीत झालेलं असतं. ते घासून चमकत नाही.

आणि जुना बल्ब फुकट दिला तरी घेऊ नका. नळीची टोकं काळी पडलेली असली, किंवा दिवा पेटतो-विझतो-पुन्हा पेटतो असा खेळ करत असला, तर तो संपलेला आहे. रस्त्यासाठी त्याचं आयुष्य २४ हजार तासांपर्यंत मोजतात, पण झाडांच्या कामाला १० ते १२ हजार तासांनंतर बदलावा, कारण पेटत असला तरी उजेड घटलेला असतो.

एलईडी घेताना

इथे फसवणूक जास्त. ऑनलाइन '१००० वॅट' लिहिलेलं पॅनल मागवलं तर प्रत्यक्षात ते शंभर-सव्वाशे वॅटच ओढतं. तो हजार म्हणजे म्हणे 'हजार वॅटच्या दिव्याइतका'. दोनच आकडे शोधा: भिंतीतून प्रत्यक्ष किती वॅट ओढतो, आणि एका वॅटला किती मायक्रोमोल देतो. हे दोन्ही छापलेले नसतील तर तो दिवा सोडा. जांभळा उजेड देणारे घेऊ नका. झाड वाढतं, पण त्याच्याकडे बघवत नाही आणि रोग ओळखता येत नाही. ३००० ते ४००० केल्विनचा पांढरा घ्या. केल्विन म्हणजे पांढऱ्या रंगाच्या छटेचा आकडा. आपल्या हवेसाठी आयपी-६५ लिहिलेला, म्हणजे धूळ आणि पाण्याचे शिंतोडे आत न जाणारा, आणि ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला वीज पुरवणारी डबी, स्वतंत्रपणे बदलता येईल असा. पावसाळ्यातल्या व्होल्टेजच्या उड्यांमध्ये आधी ड्रायव्हरच जातो, चिप नाही.

नवख्याला मात्र मी पॅनलही सुचवत नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते ती चार फुटी २० वॅटची एलईडी पट्टी, म्हणजे बॅटन, घ्या. पांढरी, ४००० केल्विन. बहुतेक दुकानांत ६५०० वाली असते, तीही रोपांना चालते. एक पट्टी सुमारे २००० ल्युमेन देते, म्हणजे २८-२९ मायक्रोमोल. लोखंडी रॅकच्या एका फळीवर, १२० सेंटिमीटर लांब आणि ४५ रुंद, अशा पाच पट्ट्या शेजारी शेजारी बसवल्या तर रोपांवर जवळपास २०० मायक्रोमोल पडतात. म्हणजे आपलं लक्ष्य गाठलं, शंभर वॅटमध्ये, आणि उजेड फळीभर सारखा. पट्ट्या रोपांपासून वीतभर वर ठेवायच्या. उष्णता इतकी कमी की पान टेकलं तरी भाजत नाही. एक पट्टी गेली तर तेवढीच बदलायची, आणि तीही रविवारी गावातच मिळते.

दिसायला हे काही शानदार नसतं, हे कबूल. पण मिरची-वांग्याच्या रोपांना याहून जास्त काही लागत नाही.

वायरिंग: इथे काटकसर नको

पाणी आणि वीज एका रॅकवर आणतो आहोत, हे विसरू नका. चिऱ्याच्या जुन्या घरांत पावसाळ्यात भिंत ओली असते, हात लावला तर बोटं दमट होतात. त्या भिंतीवर खिळे ठोकून चोक किंवा एक्स्टेन्शन बोर्ड टांगायचा नाही. लाकडी फळी मध्ये घाला.

रोपांच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच बंद होणारा स्विच, हवाच, आणि त्याला खरं अर्थिंग. जुन्या घरात तीन पिनांचा सॉकेट असतो आणि तिसऱ्या पिनेमागे वायरच नसते. वायरमनला टेस्टर लावून दाखवायला सांगा. सोडियमसाठी सी प्रकारचा एमसीबी (फ्यूजच्या जागी बसणारा, जादा प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच) लावा, बी प्रकारचा सुरुवातीच्या झटक्याला उगाच पडतो. इग्नायटर बल्बच्या जवळ ठेवा, पण चोक रोपांच्या रॅकपासून दूर, वारा लागेल अशा ठिकाणी. बंद केल्यावर लगेच आत हात घालू नका, कपॅसिटरमध्ये थोडा वेळ वीज उरते. आणि तापलेल्या बल्बवर पाण्याचा एक थेंब पडला तरी काच तडकू शकते, म्हणून फवारणी नेहमी दिवा बंद करून, थंड झाल्यावर.

टायमर १६ अँपिअरचा, साधा चकतीचा घ्या. वीज गेली तर तो तेवढा मागे पडतो, आठवड्यातून एकदा घड्याळाशी जुळवायचा. घरच्या स्वस्त इन्व्हर्टरवर सोडियम चालवू नका, चोकला ती ओबडधोबड वीज मानवत नाही. दोन-तीन तास वीज गेली तर रोपांचं काहीही बिघडत नाही, दुसऱ्या दिवशी तेवढे तास वाढवले की झालं.

भाजी विकण्याइतका पसारा वाढवणार असाल तर मंजूर लोड किती आहे ते बिलावर बघा आणि कोणता दर लागेल ते वीज खात्याच्या उपविभागीय कार्यालयात आधीच विचारा.

पहिले पंधरा दिवस

बी पेरल्यावर उगवेपर्यंत दिवा लागत नाही. कोंब मातीवर दिसला की त्याच दिवशी लावा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. उशीर झालेला पहिला दिवस नंतर भरून निघत नाही, रोप तेवढ्यात दोन बोटं लांबतं. रोज १४ ते १६ तास, पहाटे पाच-सहापासून सुरू करा म्हणजे रात्रीचा अंधार रोपाला मिळतो. शेवंतीची रोपं त्याच खोलीत असतील तर सावध: शेवंती लांब रात्रीवर फुलते, सोळा तासांच्या उजेडात ती नुसती पानंच काढत राहील आणि चवथीला एकही कळी मिळणार नाही.

सोडियम असेल तर २५० ला सुरुवातीला साठ सेंटिमीटर अंतर ठेवा. रोपांच्या उंचीवर तळहात उलटा धरा आणि अर्धा मिनिट थांबा. चटका जाणवला तर दिवा वर. एलईडी पट्टीला ही परीक्षा लागत नाही.

रोप काय सांगतं ते बघायला शिका. देठ लांब आणि फिकट, पानं लहान: उजेड कमी, दिवा खाली आणा. पानांच्या कडा वर वळल्या, टोकं पांढरी पडली: उजेड किंवा उष्णता जास्त. मिरचीच्या देठावर सांध्यांपाशी जांभळट झाक आली तर घाबरू नका, बऱ्याच जातींत भरपूर उजेडात ती येतेच. माती वरून सुकल्याशिवाय पाणी नाही. सप्टेंबरात दिव्याखालचे ट्रे आठवड्यात जितके पाण्याने मरतात तितके तहानेने नाही मरत. पंखा सगळ्यांत कमी वेगावर, रोपं हलकी डुलतील इतपत, दिवसभर. डुलणाऱ्या रोपाचा देठ जाड होतो.

दिव्याखालून थेट शेतात नेऊ नका. आठवडाभर सकाळचं ऊन दाखवत, रोज थोडं वाढवत न्या. दिव्याखाली त्याने २०० मायक्रोमोल बघितलेले असतात, नोव्हेंबरातल्या दुपारी उघड्यावर त्याच्या सात-आठ पट पडतात.

माती, रोग आणि कोणती जात लावावी यासाठी ओल्ड गोव्याच्या आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद) संस्थेतलं कृषी विज्ञान केंद्र किंवा तुमच्या तालुक्याचं विभागीय कृषी कार्यालय गाठा. रोगट रोप दाखवायला नेताना पिशवीत गुंडाळून न्या, मुळासकट.

जुना बल्ब कुठे टाकायचा

सोडियमच्या बल्बमध्ये पारा असतो. तो घरच्या कचऱ्यात किंवा परसात टाकायचा नाही, आणि भंगारवाल्यालाही नाही, तो पितळी टोपी काढून घेतो आणि काच तिथेच फोडतो. नव्या बल्बच्या खोक्यात जुना घालून ठेवा आणि पंचायत किंवा पालिका ई-कचरा गोळा करते तेव्हा वेगळा द्या. फुटलाच तर खिडक्या उघडून पंधरा मिनिटं खोलीबाहेर थांबा, मग जाड कागदाने काचा उचला. झाडू नको, व्हॅक्यूम तर नकोच. खाली ट्रे असतील तर वरची माती काचांसकट काढून त्याच पुडक्यात बांधा, आणि त्या ट्रेमधली रोपं खायच्या भाजीची असतील तर ती पुढे लावू नका.